आर भाषेतील चिन्हे: त्रुटीचा संदेश येत नाही, तरीही उत्तर चुकते, असे का होते?

मृद्गंध यांचा प्रश्न:

नमस्कार. मी कृषी शाखेत पदव्युत्तर संशोधन करत आहे. सोयाबीनच्या उत्पादनावर वाण, पेरणीची वेळ आणि पाऊस यांचा काय परिणाम होतो हे तपासण्यासाठी तीन महिन्यांपूर्वी मी आर ही सांख्यिकी विश्लेषणाची संगणकभाषा शिकायला घेतली. बेरीज, वजाबाकी, सरासरी इथपर्यंत अडचण आली नाही. परंतु बाण, टक्के, नागमोडी रेघ, एकेरी आणि दुहेरी चिन्हे यांच्या वापराबद्दल माझा गोंधळ होत आहे, आणि त्यापेक्षा चिंतेची गोष्ट अशी की चूक झाली तरी संगणक काहीच सांगत नाही.

माझ्याकडे बीड, लातूर आणि नांदेड या तीन जिल्ह्यांतील प्रत्येकी ४२ अशा एकूण १२६ नोंदी आहेत. त्यांतील बीड आणि लातूरच्या नोंदी वेगळ्या काढण्यासाठी मी पुढील ओळ लिहिली. (सोयीसाठी चलांची व फंक्शनची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत देत आहे.)

निवड <- नोंदी[नोंदी$जिल्हा == सी("बीड", "लातूर"), ]

८४ नोंदी मिळायला हव्या होत्या, मिळाल्या ४२. प्रक्षेत्रावरची हस्तलिखित वही शेजारी उघडी होती म्हणून आकडा खटकला. ती नसती तर मी अर्ध्या नोंदींवरच पुढचे सगळे विश्लेषण केले असते.

दुसरी अडचण मॉडेलची आहे. पावसाचा परिणाम सरळ रेषेत नसावा, अतिपावसानेही नुकसान होत असावे, असे वाटल्यामुळे मी पावसाचा वर्ग घातला:

उत्पादन ~ पाऊस + पाऊस^2

निकालात वर्गाची ओळच आली नाही. तसेच आमच्या विभागातील जुन्या कोडमध्ये मूल्य देण्यासाठी कुठे <- तर कुठे = आहे, आणि अटींमध्ये कुठे & तर कुठे && आहे. यांत खरा फरक कोणता, हे कोणी समजावून सांगेल का?

संख्यारेषा यांचे उत्तर:

आपण मोजलेल्या नोंदी वहीशी ताडून पाहिल्या, हे फार चांगले केले. हरवलेल्या ४२ नोंदींचे कारण आधी पाहू, कारण ही चूक मी विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे.

== हे चिन्ह “यांपैकी कोणतेही एक आहे का” असे विचारत नाही. ते दोन व्हेक्टर (मूल्यांच्या क्रमवार याद्या) शेजारी ठेवून पहिल्याची पहिल्याशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी अशी जोडीजोडीने तुलना करते. आपल्या ओळीत डावीकडे १२६ मूल्ये आहेत आणि उजवीकडे केवळ दोन. अशा वेळी आर छोट्या व्हेक्टरची पुनरावृत्ती करून त्याला मोठ्याच्या लांबीइतके करते, म्हणजे उजवीकडे बीड, लातूर, बीड, लातूर अशी माळ तयार होते. सहा ओळींचे उदाहरण घेतल्यास हे डोळ्यांसमोर येईल:

नोंद: लातूर, लातूर, बीड, बीड, लातूर, बीड
माळ: बीड, लातूर, बीड, लातूर, बीड, लातूर

इथे फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या स्थानी नावे जुळतात, म्हणून सहाही नोंदी हव्या असलेल्या जिल्ह्यांतील असूनही दोनच हाती लागतात. आपल्या फाइलमध्ये नोंदी जिल्ह्यानुसार सलग लावलेल्या असाव्यात. मग बीडच्या ४२ पैकी एकाआड एक अशा २१ आणि लातूरच्या २१ जुळल्या, आणि बेरीज ४२ झाली. मोठ्या व्हेक्टरची लांबी छोट्याच्या पटीत नसेल तर आर इशारा देते. पण १२६ ला २ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे तो इशाराही आला नाही. नोंदी १२७ असत्या तर आपल्याला निदान सुगावा लागला असता.

आपल्याला हवे असलेले चिन्ह %इन% आहे:

निवड <- नोंदी[नोंदी$जिल्हा %इन% सी("बीड", "लातूर"), ]

हे चिन्ह डावीकडचे प्रत्येक मूल्य उजवीकडच्या यादीत कुठेही सापडते का, एवढेच पाहते. क्रमाचा आणि लांबीचा त्याच्याशी संबंध नाही. याच प्रकारची दुसरी चूक म्हणजे गट == 1 | 2 असे लिहिणे. बोलताना आपण “गट एक किंवा दोन” म्हणतो, म्हणून ते बरोबर वाटते; परंतु आर आधी गट == 1 तपासते आणि मग त्याला “किंवा 2” जोडते. शून्येतर संख्या तर्कदृष्ट्या सत्य मानली जात असल्यामुळे ही अट प्रत्येक ओळीसाठी सत्य ठरते आणि काहीच गाळले जात नाही.

टक्क्याच्या जोडीत लिहिलेल्या चिन्हांचे एक कुटुंबच आहे. %% म्हणजे भागाकारातील बाकी, %/% म्हणजे पूर्णांक भागाकार, %*% म्हणजे मॅट्रिक्सचा गुणाकार. आणि दोन टक्क्यांच्या मध्ये स्वतःचे नाव घालून आपण स्वतःचे चिन्हही तयार करू शकतो. दुसऱ्या भाषेतून आलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. -5 %% 3 चे उत्तर आरमध्ये १ येते, उणे २ नव्हे, कारण इथे बाकीला भाजकाचे चिन्ह मिळते.

आता अग्रक्रम, म्हणजे कोणते चिन्ह आधी सोडवले जाते ते. घातांक सर्वांत आधी, त्यानंतर संख्येला डावीकडून जोडलेले उणे, मग अपूर्णविराम (1:5 म्हणजे १ ते ५ अशी मालिका), मग टक्केवाली चिन्हे आणि पाइप (डावीकडचे उत्तर उजवीकडच्या फंक्शनला देणारे |> हे चिन्ह), मग गुणाकार-भागाकार, मग बेरीज-वजाबाकी, त्यानंतर तुलना, मग नकाराचे !, मग “आणि”, मग “किंवा”, मग नागमोडी रेघ, आणि अगदी शेवटी मूल्य देण्याची चिन्हे. हा क्रम पाठ करण्याची गरज नाही, पण त्याचे परिणाम स्वतः टंकून पाहावेत. -2^2 चे उत्तर उणे ४ येते. न चे मूल्य ५ असताना 1:न-1 लिहिले तर १ ते ४ मिळत नाहीत, ० ते ४ मिळतात, कारण अपूर्णविराम वजाबाकीच्या आधी सोडवला जातो. लूपमध्ये ही चूक झाली की पहिल्याच फेरीत शून्याव्या घटकाची मागणी होते आणि पुढचे सगळे बिघडते. 6 * 7 %% 4 चे उत्तर १८ येते, कारण आधी ७ ची ४ ने भागून उरलेली बाकी ३ काढली जाते. सी भाषेत हीच पदावली २ देते. म्हणून माझा आग्रह असा आहे की जिथे वाचणाऱ्याला क्षणभर थांबावे लागेल तिथे कंस घालावेत, मग ते आरला लागोत वा न लागोत.

& आणि && यांचा फरक असा की & जोडीजोडीने चालते आणि संपूर्ण स्तंभाला उत्तर देते, तर && केवळ एका मूल्याचा निर्णय करते आणि डावी बाजू असत्य निघाली तर उजवीकडे पाहतही नाही. म्हणून नोंदी निवडताना & आणि इफच्या (“जर… तर” या आज्ञेच्या) अटीत && असा वापर ठेवावा. पूर्वी && ला लांब व्हेक्टर दिला तर ते मुकाट्याने पहिले मूल्य घेत असे, आणि इफही पहिल्या मूल्यावर निर्णय घेऊन केवळ इशारा देत असे. २०२२ च्या ४.२.० आवृत्तीपासून इफमध्ये आणि २०२३ च्या ४.३.० आवृत्तीपासून && मध्ये ही गोष्ट थेट त्रुटी ठरते. आपल्या विभागातील जुना कोड नव्या संगणकावर अडखळत असेल तर त्याचे कारण इथे शोधावे, आणि मुख्य म्हणजे त्या कोडने पूर्वी दिलेली उत्तरे पुन्हा तपासावीत.

वाफसा यांचे उत्तर:

पावसाच्या वर्गाबद्दल मी लिहितो, कारण पीक प्रयोगांच्या विश्लेषणात माझा बराचसा वेळ याच नागमोडी रेघेच्या सहवासात जातो.

~ च्या उजव्या बाजूला बेरीज, गुणाकार, घातांक ही चिन्हे गणिताची राहत नाहीत. तिथे त्यांचा अर्थ “मॉडेलमध्ये कोणती पदे घ्यायची” एवढाच होतो. ही लेखनपद्धती विल्किन्सन आणि रॉजर्स यांनी १९७३ साली मांडलेल्या संकेतांवर आधारलेली आहे. ती पुढे आरची पूर्वज असलेल्या एस भाषेत आली आणि तिथून आरमध्ये. तिथे + म्हणजे हे पदही घ्या, - म्हणजे हे पद काढा, : म्हणजे या दोहोंची आंतरक्रिया (एकाचा परिणाम दुसऱ्यानुसार बदलणे) घ्या, आणि * म्हणजे दोन्ही मुख्य परिणाम घेऊन शिवाय त्यांची आंतरक्रियाही घ्या. म्हणून

उत्पादन ~ वाण * पेरणी

आणि

उत्पादन ~ वाण + पेरणी + वाण:पेरणी

ही दोन्ही एकच मॉडेल आहेत. उशिरा पेरल्याचा फटका सर्व वाणांना सारखाच बसतो, की लवकर येणारे वाण तो कमी सोसते, हा आपल्या संशोधनातला खरा प्रश्न असेल तर त्याचे उत्तर त्या आंतरक्रियेच्या पदात आहे. केवळ + लिहिले तर तो प्रश्न विचारलाच जात नाही.

याच संकेतांत ^ म्हणजे “इतक्या पातळीपर्यंतच्या आंतरक्रिया”. (वाण + पेरणी + खत)^2 लिहिले की तीन मुख्य परिणाम आणि दोन-दोनांच्या सर्व आंतरक्रिया येतात, तिघांची एकत्र आंतरक्रिया येत नाही. आता पाऊस^2 या नियमाने वाचून पाहा: पावसाची पावसाशीच आंतरक्रिया, म्हणजे पुन्हा पाऊसच. ते पद आधीच घेतलेले असल्यामुळे आर त्याची दुसरी प्रत गाळून टाकते. तिच्या व्याकरणानुसार यात काहीही चूक नाही, म्हणून संदेशही येत नाही.

खरा वर्ग हवा असेल तर तो आय() या फंक्शनच्या कंसात ठेवावा. त्या कंसात चिन्हांना त्यांचा गणिती अर्थ परत मिळतो:

उत्पादन ~ पाऊस + आय(पाऊस^2)

हाच नियम बेरजेलाही लागू आहे. पाऊस_जून + पाऊस_जुलै लिहिले तर दोन महिन्यांचे दोन वेगळे गुणक मिळतात. दोन महिन्यांच्या एकूण पावसाचा एकच गुणक हवा असेल तर आय(पाऊस_जून + पाऊस_जुलै) लिहावे लागते. लॉगसारख्या फंक्शनच्या कंसात मात्र नेहमीचे गणितच चालते, तिथे आय() ची गरज नसते. नागमोडी रेघेच्या डाव्या बाजूलाही गणित नेहमीप्रमाणेच चालते.

एकटा पूर्णविराम, म्हणजे उत्पादन ~ . असे लिहिणे, “उरलेले सर्व स्तंभ घ्या” असे सांगते. टंकायला ते सोपे आहे, पण नोंदणी क्रमांक, प्लॉट क्रमांक असे स्तंभही त्यात शिरतात. प्रबंधात मी ते टाळतो आणि प्रत्येक पद नावाने लिहितो, म्हणजे परीक्षकाला आणि सहा महिन्यांनी मला स्वतःलाही मॉडेल वाचता येते.

जुनीपाटी यांचे उत्तर:

बाण आणि बरोबरचे चिन्ह यांबद्दल लिहायचे राहिले आहे. आरचा जन्म न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांच्या हातून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला झाला आणि तिने आपले व्याकरण बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी घडवलेल्या एस भाषेकडून घेतले. बाण तिथूनच आला. डावीकडे निर्देश करणारा बाण त्याआधी एपीएल या भाषेत मूल्य देण्यासाठी वापरात होता, आणि संगणकाच्या अक्षरसंचाच्या १९६३ च्या मानकात आज जिथे अधोरेषा आहे तिथे चक्क डावा बाणच होता. एसमध्ये आणि सुरुवातीच्या आरमध्ये अधोरेषा टंकूनही मूल्य देता येत असे. ती सोय २००३ च्या १.८.० आवृत्तीत काढण्यात आली आणि पुढच्याच वर्षी १.९.० मध्ये अधोरेषेला नावांत जागा मिळाली. वर लिहिलेले पाऊस_जून हे नाव त्यानंतरच शक्य झाले. ४.२.० पासून तीच अधोरेषा |> या पाइपमध्ये “आधीचे उत्तर इथे ठेवा” असेही सांगते. एकाच खुणेला तीन वेळा नवे काम मिळाले, त्यामुळे जुना कोड वाचताना तो कोणत्या काळातला आहे हे पाहणे आवश्यक असते.

= ने मूल्य देण्याची सोय १.४.० आवृत्तीपासून आहे. स्वतंत्र ओळीवर क्ष <- 5 आणि क्ष = 5 यांचे फलित सारखेच असते. फरक फंक्शनच्या कंसात पडतो: तिथे = हे घटकाचे नाव सांगते, तर <- त्या क्षणी खरोखरच नवे चल तयार करते आणि ते नंतरही शिल्लक राहते. म्हणून मूल्य देताना <- आणि फंक्शनच्या कंसात =, ही जुनी शिस्त मला आजही योग्य वाटते. दुहेरी बाण <<- हा फंक्शनच्या बाहेरचे चल बदलतो. नवशिक्यांनी तो जाणूनबुजून दूर ठेवावा.

बाणाची एक अडचण मात्र खरी आहे. “तापमान उणे ५ पेक्षा कमी” असे तपासताना कोणी तापमान<-5 असे जोडून लिहिले तर तुलना होत नाही. तापमानाचा संपूर्ण स्तंभ पुसला जाऊन तिथे ५ बसतो. चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

मृद्गंध:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. %इन% वापरल्यावर ८४ नोंदी मिळाल्या, वहीशी जुळल्या. आणि आय() लावल्यावर वर्गाचा गुणकही निकालात आला, तोही मला वाटले होते तसा ऋण.

आणखी दोन शंका आहेत. पेरणीपूर्वी ७५ मिलिमीटर पाऊस झालेल्या नोंदी काढण्यासाठी मी नोंदी[नोंदी$पूर्वपाऊस >= 75, ] असे लिहिले, तर काही ओळी अशा आल्या की त्यांतील प्रत्येक रकान्यात एनए आहे, जिल्ह्याच्या रकान्यातसुद्धा. आणि दुसरे म्हणजे, एका सहाध्यायीच्या सांगण्यावरून मी उत्पादन ~ वाण * पेरणी - 1 असे मॉडेल चालवले, तेव्हा आर-वर्गाचे (मॉडेलने उलगडलेल्या चढउताराच्या वाट्याचे) मूल्य ०.६ च्या आसपास होते ते एकदम ०.९ च्या वर गेले. हे मॉडेल अधिक चांगले समजावे का?

संख्यारेषा:

पहिल्या शंकेचे उत्तर. ज्या ठिकाणी पर्जन्यमापकाची नोंद नाही तिथे एनए आहे, आणि “माहीत नसलेला पाऊस ७५ पेक्षा जास्त आहे का” याचे प्रामाणिक उत्तर “माहीत नाही” असेच असते. चौकटी कंसाला ओळ ठेवायची की गाळायची हे अशा वेळी कळत नाही, म्हणून ते तिथे संपूर्ण रिकामी ओळ ठेवते. अट अशी लिहावी:

नोंदी$पूर्वपाऊस >= 75 & !इज.एनए(नोंदी$पूर्वपाऊस)

ही अट का चालते हे पाहण्यासारखे आहे. नोंद नसलेल्या ओळीत डावीकडे एनए आणि उजवीकडे असत्य येते; “आणि”ची एक बाजू असत्य असली की दुसरी काहीही असली तरी उत्तर असत्यच, म्हणून एनए & असत्य याचे उत्तर आर असत्य देते आणि ओळ गळते. सबसेट() हे फंक्शन अशा ओळी आपोआप गाळते, पण किती गळल्या ते सांगत नाही. त्या मोजून प्रबंधात नमूद कराव्यात. पूर्वपाऊस == एनए असे मात्र कधीही लिहू नये, त्याचे उत्तर प्रत्येक ओळीसाठी एनए येते.

कोणत्याही चिन्हाचे मदतपान पाहायचे असल्यास ते अवतरणात ठेवून प्रश्नचिन्ह लावावे, उदाहरणार्थ ?"%%". अग्रक्रमाची पूर्ण यादी ?सिंटॅक्स या पानावर मिळते.

वाफसा:

दुसऱ्या शंकेबद्दल: नाही, ते मॉडेल अधिक चांगले नाही, ते तेच मॉडेल आहे. फॉर्म्युलातील - 1 म्हणजे एक वजा करणे नव्हे, तर “आंतरछेद (मॉडेलमधील स्थिर पद) काढा” ही सूचना आहे. आपल्या मॉडेलमध्ये वाण हा गटांचा घटक असल्यामुळे, आंतरछेद काढला की त्याची जागा उरलेल्या एका वाणाचे पद घेते आणि प्रत्येक प्लॉटचे अंदाजित उत्पादन जसेच्या तसे राहते. बदलतो तो गुणकांचा अर्थ: आधी पहिल्या वाणाच्या तुलनेत इतर वाणांचा फरक दिसत होता, आता पहिल्या पेरणीच्या वेळचे प्रत्येक वाणाचे स्वतःचे सरासरी उत्पादन दिसते.

आर-वर्ग वाढण्याचे कारण असे की आंतरछेद असताना एकूण चढउतार सरासरीपासून मोजले जातात, आणि तो नसताना शून्यापासून. कोणत्याही प्लॉटचे उत्पादन शून्याच्या आसपास नसतेच, त्यामुळे शून्यापासून मोजलेली एकूण बेरीज फार मोठी होते आणि मॉडेलने उलगडलेला वाटाही तितकाच मोठा भासतो. दोन्ही मॉडेलांचे सारांश शेजारी ठेवून अवशिष्ट प्रमाण त्रुटीची (अंदाज आणि प्रत्यक्ष उत्पादन यांतील फरकाच्या मापाची) ओळ वाचावी. तो आकडा दोन्हीकडे एकच असेल. प्रबंधात आंतरछेद असलेल्या मॉडेलचाच आर-वर्ग द्यावा, आणि वाणांची सरासरी दाखवायची असेल तेव्हाच - 1 चा निकाल तक्त्यासाठी घ्यावा.